बाजूचं बारीक चाक

४ फेब्रुवारी, रविवार

कॅमेरा घेतला. डिजिटलच, पण जुना, आत आरसा असलेला, हातात घेतला की वजन कळतं असा. हल्ली निघतात ते खेळण्यासारखे हलके. मला नवा नकोच होता. चेहऱ्याचा रंग या जुन्यांनाच साधतो, हे मी वाचून, ताडून ठरवलेलं आहे.

विकणाऱ्या बाई दंतवैद्य. दवाखाना बंद केलाय आता. रुग्णांच्या दातांचे फोटो काढायला हा घेतला होता, म्हणून भिंगही अगदी जवळचं टिपणारं. पत्ता फोटो छापून देणाऱ्या प्रिंटवाल्यानं दिला. मी टॉर्च आरपार मारून भिंगात बुरशी पाहिली (नाही). कोऱ्या भिंतीचा फोटो काढून आतली धूळ पाहिली (नगण्य). बॅटरीच्या दाराची बिजागरी, पट्ट्याच्या कड्या, पकडीचं रबर, सगळं पाहिलं. बाई रुग्णांच्या त्या मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माझे पेशंट माझ्या चिमट्यांकडेसुद्धा इतकं संशयानं बघत नव्हते."

"दोष असेल तर आत्ताच सांगा मॅडम. मागाहून वाद घालायला मला आवडत नाही."

"दोष नाही. दोन गोष्टी मात्र सांगते. डोळा लावायच्या खिडकीच्या बाजूला बारीक चाक आहे ना, ते माझ्या डोळ्याला जमवलंय. मला लांबचं दिसत नाही. तुम्ही ते तुमच्या डोळ्याला जमवून घ्या. आणि जवळून काढताना भिंगाचं कडं फिरवत बसू नका. कडं एकदा लावून सोडून द्यायचं आणि आपणच पुढेमागे व्हायचं. स्पष्ट झालं की दाबायचं."

मी म्हणालो, "माझ्या डोळ्याला काही जमवावं लागत नाही. फोटोच्या चौकटी करणारा माणूस मी, कोपरा नुसत्या नजरेनं कापतो."

"मग छानच," त्या म्हणाल्या.

आपणच पुढेमागे व्हायचं म्हणे! दातांसाठी ठीक असेल. चेहऱ्याला बैठक लागते.

आता मूळ कारण लिहून ठेवतो. ताईच्या जबड्यात गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन. हाडाचा तुकडा काढावा लागेल, चेहरा एका बाजूला ओढला जाईल, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. त्याआधी, बारा तारखेला, त्या बाजूचे दात काढतील, म्हणजे गाल तेव्हापासूनच सुजेल. ताई म्हणाली, "आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसले. लोकांनी मला जाळीतूनच पाहिलं. जायच्या आधी या तोंडाचा एक फोटो राहू दे, जाळीशिवाय." तिनं स्टुडिओवाल्याला विचारलंही होतं. मी परस्पर जाऊन त्याला नको म्हणून सांगितलं. त्या माणसानं काढलेले चेहरे मी वर्षानुवर्षं चौकटीत बसवतोय. सगळे उकडलेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत. माझ्या बहिणीचा फोटो मी काढणार.


५ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. छपाई अगदीच दरिद्री, अक्षरं एकमेकांत गेलेली. अंगणात उन्हात नेऊन वाचली, मग बरं वाटलं. बायको दारातून म्हणाली, "हात आणखी किती लांब करणार? पलीकडच्या घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा, म्हणजे इथून वाचता येईल."

तिला छपाईतलं काही कळत नाही.


८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच डोकं फिरलं. वकील गेल्या महिन्यात नेलेली चौकट परत घेऊन आले. कोपऱ्यात फट आहे म्हणे, नख जातं. मी सांगितलं, लाकूड आहे, श्वास घेतं. ते म्हणाले, "या कोपऱ्यातून माशी आतबाहेर करते." वकिलांच्या जिभेला काय. हल्ली लाकूडच ओलं येतं, हे मी पट्टीवाल्याला दोनदा सुनावलंय. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून फट बुजवून दिली.

दुपारी कॅमेऱ्याचा सराव. स्वतःहून फोकस करायचं बटण पहिल्याच दिवशी बंद करून टाकलंय. काय स्पष्ट दिसायला हवं हे यंत्राला विचारून फोटो काढणारा मी नव्हे. खिडकीतून बघताना जरा धूसर वाटतं, खालचे आकडे तर विरघळल्यासारखे. दोनदा पुसली, फरक नाही. दवाखान्यातलं कसलंतरी औषध काचेवर बसलं असणार. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो मात्र छान दिसतात. त्या काळचे पडदे जाडेभरडे, हेही लक्षात घेतलं पाहिजे.


१० फेब्रुवारी, शनिवार

बायकोला बाजारात ताई भेटली. मोरपंखी शाल, कानात मोत्यांची फुलं, केस विंचरलेले. "कुठे निघालात इतक्या नटून?" तर म्हणे, "सोमवारी दात काढणार आहेत, त्याआधी जरा मिरवून घेते." हसत गेली. हिला मरणाच्या दारातसुद्धा विनोद सुचेल.

उद्यासाठी बॅटरी भरून ठेवली. खिडकीवर लावायला पांढरा पडदा धुऊन घेतला.


११ फेब्रुवारी, रविवार

काम झालं. सविस्तर लिहितो.

ताईच्या बाहेरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी तिला बसवलं. उंच पाठीची वेताची खुर्ची घेतली, कारण तीत मान ताठ राहते. कालचीच मोरपंखी शाल. घडी मोडलेली दिसत होती. मी म्हणालो, "इस्त्री तरी करायचीस." ती म्हणाली, "चौकटराव, फोटो माझा आहे का शालीचा?" मला ती लहानपणापासून चौकटराव म्हणते. तेव्हा चौकटी करत नव्हतो, नुसता चौकटीत वागत होतो, असं तिचं म्हणणं.

प्रकाश चांगला होता. मी कडं फिरवत, फिरवत, अगदी सावकाश फोकस केला. "ताई, हलू नकोस." "हनुवटी जरा खाली." "हलू नकोस म्हटलं ना!" तिचा डावा गाल आतून दुखत होता. मधूनमधून डोळे मिटायची, आणि मी म्हणायचो, "झालंच, झालंच." झालं नव्हतं. मला पापणी हवी होती, पापणीचा एकेक केस.

एकदा तिनं पुढच्या टीपॉयवरचा स्वतःचा वाचायचा चष्मा उचलून माझ्यापुढे धरला. "हा लावून बघ रे जरा."

"कॅमेऱ्यातून बघायला चष्मा लागत नाही," मी म्हणालो. आवाज चढला थोडा. बायको सोबत आली होती, ती स्वयंपाकघरातून डोकावली. ताईनं चष्मा परत ठेवला आणि पुन्हा ताठ बसली. "बरं बाबा. सांग कुठे बघू."

निघताना पडद्यावर तिला फोटो दाखवले. बराच वेळ बघितले तिनं, आपला चष्मा लावून. मग म्हणाली, "तू मन लावून काढलेस." याहून मोठी पावती काय हवी.


१४ फेब्रुवारी, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

प्रिंटवाल्याकडे मोठी प्रिंट काढायला दिली होती. गेलो तर त्यानं ती काउंटरवर ठेवली. मी दोन पावलं मागे सरून पाहिली. ताईचा चेहरा म्हणजे धुकं. डोळे आहेत, नाक आहे, ताई नाही. आणि तिच्या डोक्यामागे वेताच्या खुर्चीची जाळी, एकेक वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.

जाळी.

बाकीचे सगळे पडद्यावर मोठे करून पाहिले. सगळे तसेच. प्रिंटवाला म्हणाला, "दादा, फोकस मागे गेलाय. हातानं केला होता का?" मी म्हणालो, कॅमेराच सदोष आहे. त्या दातवाल्या बाईनं ठकवलं मला. तुझ्या ओळखीनं घेतला, तूही लक्षात ठेव. दुकानात आणखी चारपाच गिऱ्हाइकं होती. ऐकू दे.

तसाच बाईंच्या घरी गेलो. त्या जेवत होत्या. प्रिंट आणि कॅमेरा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणालो, "भूल देऊन लोकांना फसवायची तुमची सवय अजून गेलेली दिसत नाही." आणखीही बोललो. दारात त्यांची शेजारीण उभी होती. बाईंनी हात धुतले, पुसले, प्रिंट उचलून नीट पाहिली. वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण. सोमवारी हिचे दात काढले. आता हा चेहरा पुन्हा मिळायचा नाही."

"कॅमेरा राहू दे माझ्याकडे दोन दिवस," त्या म्हणाल्या. "बघते."

बघू देत. मी त्यांना सोडणार नाही.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईकडे गेलो. गाल चेंडूएवढा. बोलता येत नाही फारसं. हातानंच चौकोन करून विचारलं, फोटो?

मी म्हणालो, "प्रिंट सुरेख आलीये. चौकटीचं काम चाललंय. पॉलिश वाळायला वेळ लागतो, तुला माहितीये."

तिनं मान हलवली. माझ्याकडे बघत राहिली. मी औषधांच्या पट्ट्या सारख्या करत बसलो.

खोटं का बोललो? ऑपरेशनच्या आधी तिचं मन खचू नये म्हणून. हेच कारण आहे. दुसरं नाही.


१७ फेब्रुवारी, शनिवार

बाईंचा फोन आला. "या. आणि भांडायचं असेल तर नंतर, आधी पाच मिनिटं बसा."

त्यांनी मला त्या रुग्णांच्या खुर्चीत बसवलं. दुसरी खुर्ची नव्हती असं नाही. समोर टेबलावर एक प्रिंट होती. त्यांच्या शेजारणीचा चेहरा, याच कॅमेऱ्यातला. पापण्या, नाकावरचा तीळ, ओठांवरची सालटी, सगळं. मी काही बोलणार इतक्यात त्यांनी कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. आजवर कितीजणांच्या तोंडाशी हत्यार नेलं असेल त्यांनी, तसाच, सवयीनं.

"खाली आकडे दिसतात?"

"धूसर आहेत. तेच तर मी..."

"हलू नका." खिडकीच्या बाजूला बारीक टकटक झाली. त्या चाक फिरवत होत्या. "आता?"

आकडे जरा वर आले, पाण्यातून वर यावेत तसे.

"आता?"

आणखी वर.

"आता?"

"अजून थोडं," मी म्हणालो.

टकटक थांबली. "अजून नाही," त्या म्हणाल्या. "चाक संपलं. तुम्हाला याच्या पुढचं हवंय." मग कॅमेरा काढून घेतला आणि अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून की काय, म्हणाल्या, "डोळे तपासून घ्या. या वयात सगळ्यांचे होतात. दातांचंही तसंच असतं, लोक माझ्याकडे शेवटी येतात."

मी आडवाच होतो त्या खुर्चीत. उठता येईना, कारण ती मागे रेललेली असते आणि उठवायची कळ पायाशी असते. त्यांनीच ती दाबली. मी सरळ झालो.

माफी मागितली का? ओठ हलले एवढं आठवतं. त्या म्हणाल्या, "कॅमेरा न्या. तुमचाच आहे."


१८ फेब्रुवारी, रविवार

प्रिंटवाल्याकडे जाऊन आलो. त्याला म्हणालो, कॅमेरा ठीक निघाला. "मग काय झालं होतं?" मी म्हणालो, बारीकसं काहीतरी होतं, जमलं. परवाची गिऱ्हाइकं नव्हतीच. त्यांच्या कानावर बाईंची बदनामी तशीच राहिली.

अर्धंच सांगितलं. लिहिताना कळतंय, अर्धंच.


२० फेब्रुवारी, मंगळवार

ढकलखुर्चीत बसवून ताईला आत नेत होते, तिनं थांबायला लावलं. तोंडाच्या दुसऱ्या बाजूनं, शब्द चाचपत, म्हणाली, "चौकट... वाळली?"

"वाळत आली."

"घाई नको करू," ती म्हणाली, आणि डोळ्यांनी हसली. दार मिटलं.

त्यानंतर दिवसभर बायको माझ्याशेजारी बसून होती. संध्याकाळी सर्जन बाहेर येऊन म्हणाले, नीट झालं. बायको रडली. मला रडताही येईना. जिवंत आहे ही, आणि मी तिला काय दाखवणार?


२६ फेब्रुवारी, सोमवार

चष्मा आला. डोळे तपासणाऱ्यानं विचारलं, "इतके दिवस कसं चालवलंत?" मी म्हणालो, अंदाजानं.

चष्मा लावून दुकान उघडलं. ही नोंद करायची नव्हती, पण करतो.

भिंतीवर नमुन्याच्या चौकटी टांगलेल्या आहेत. जुन्या वरच्या रांगेत, नव्या खाली. वरच्या रांगेचे कोपरे मिटलेले. खालच्या रांगेचे सगळे उघडे. प्रत्येक कोपऱ्यात फट, फटीत लांबी, लांबीवर मी स्वतः चोपडलेला रंग, तोही रेघेबाहेर गेलेला. माशी खरंच आतबाहेर करेल. कितीजणांच्या घरात असे कोपरे लागलेत? किती लोक रोज बघतात आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत? वकील एकटे बोलले, आणि मी त्यांना लाकडाचा श्वास शिकवला. पट्टीवाल्यालाही मी भर रस्त्यात बोललोय.

बायकोला घरी येऊन विचारलं, "तुला दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं नाही?" ती म्हणाली. "अहो, सांगायचं म्हणजे आणखी कसं सांगतात?"


२ मार्च, शनिवार

स्टुडिओवाला दुकानात आला. मला वाटलं, ताईचं काम काढून घेतलं त्याचा राग असेल. त्यानं पुठ्ठ्यातून एक प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. "याला चौकट करायची."

ताई होती. मोरपंखी शाल, घडी न मोडलेली. कानात मोत्यांची फुलं. मागे साधी राखाडी भिंत, दुसरं काही नाही. आणि ती हसत होती. तिच्या उजव्या डोळ्याखाली बारीक चंद्रकोरीसारखी सुरकुती आहे. माझी बहीण, आणि ती सुरकुती मी आज पहिल्यांदा पाहिली.

"कधी काढलात?"

तो जरा चुळबुळला. "शनिवारी. दात काढायच्या आधीच्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशन होऊन जाऊ द्या, मग न्या भावाकडे. आधी नेऊ नका, त्याचा उत्साह आहे."

शनिवारी. म्हणजे रविवारच्या आदल्या दिवशी. म्हणजे मी तिला वेताच्या खुर्चीत ताठ बसवून "हलू नकोस" म्हणत होतो, दुखरा गाल घेऊन ती बसली होती, तेव्हा तिच्या फोटोचं काम होऊन गेलं होतं. मग ती बसली कशासाठी? आणि पॉलिश वाळतंय असं मी सांगत होतो तेव्हा मान हलवत होती, ती कशासाठी?

स्टुडिओवाला म्हणाला, "पट्टी कुठली घेणार?" मी म्हणालो, सागवानी, अरुंद. तो म्हणाला, "मलाही तीच वाटत होती." गेला.

मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. गिऱ्हाईक आलं ते परत गेलं.


७ मार्च, गुरुवार

आज माफी मागत तीन घरं केली. पट्टीवाला हसला आणि चहा पाजला. वकिलांनी चौकट दिली, बदलून देतो म्हणालो. मग प्रिंटवाला. या वेळी दुकानात गर्दी व्हायची वाट पाहिली आणि मोठ्यानं सांगितलं, की कॅमेऱ्यात दोष नव्हता, बाईंनी ठकवलं नव्हतं, मला दिसत नव्हतं. प्रिंटवाला म्हणाला, "दादा, हळू बोललात तरी चाललं असतं." मी म्हणालो, "त्या दिवशी कुठे हळू बोललो होतो?"

बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई कशा आहेत?"


१० मार्च, रविवार

चौकट घेऊन ताईकडे गेलो. कॅमेराही नेला होता. का ते माहीत नव्हतं.

पट्ट्या निघाल्यात. डावी बाजू आत गेलीये, ओठ तिकडे ओढला जातो. टाके अजून लाल. बोलायला बंदी नाही, पण त्रास होतो, म्हणून मांडीवर पुसता येणारी पाटी.

चौकट तिच्या हातात दिली. तिनं फोटोकडे आधी बघितलंच नाही. बोट चारी कोपऱ्यांवरून फिरवलं. पाटीवर लिहिलं, *मिटले.*

म्हणजे तिलाही माहीत होतं.

मग मी माझी प्रिंट काढली, धुक्याची, जाळीची, आणि तिच्यापुढे ठेवली. म्हणालो, "हा माझा. सुरेख आली नव्हती. पॉलिश वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोलत होतो."

तिनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. हसत होती, तोंड न हलवता, गाल धरून. लिहिलं, *शेवटी जाळीच!*

"तू बसलीस कशाला मग?" मी विचारलं. "तुझं काम आधीच झालं होतं."

तिनं पाटी पुसली. लिहायला लागली, थांबली, पुन्हा पुसली. खांदे उडवले, जणू काय विचारतोस. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि त्यानंतर स्वतःच्या चेहऱ्याकडे.

"आत्ता?"

मान हलवली.

चष्मा होताच. चाक मध्यावर आणून आकडे स्पष्ट होईपर्यंत जमवलं. कडं एकदा लावलं आणि सोडून दिलं. खिडकीला पडदा नव्हता, खुर्ची बदलली नाही, हनुवटीबद्दल काही बोललो नाही. डोळा लावून मीच पुढे सरकलो. आधी तिच्या अंगावरची शाल स्पष्ट झाली. आणखी पुढे, टाके आले, एकेक गाठ. थांबावंसं वाटलं. आणखी जरा पुढे झालो आणि पापणी आली, तिच्याखाली चंद्रकोर. माझे हात थरथरत होते. श्वास धरला तरी थांबेनात.

तिनं पाटी बाजूला ठेवली. ओठ एकीकडे ओढत, एकेक अक्षर सोडवत म्हणाली, "ह...लू न...कोस."

दाबलं.

घरी येऊन मोठा करून पाहिला. फोकस बरोबर पापणीवर आहे. फोटो मात्र किंचित हललाय. उद्या प्रिंटवाल्याकडे देणार आहे. हललाय हे त्यानं सांगायच्या आत मीच सांगेन.